कल्याणपुरात ‘नक्को’ ऐकू येत नाही

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. आंघोळ नंतर, कॉलेज नंतर. आईनं डोशासाठी हाक मारलीय, डोसाही नंतर. काकांचा फोन आत्ता ठेवलाय मी आणि रागातच टाइप करतेय, तेव्हा टायपिंगच्या चुका पोटात घाला. फोनवर काका काय म्हणाले ते शेवटी सांगते, कारण आधीचं कळल्याशिवाय तुम्हाला राग येणार नाही, आणि मला तुम्हाला राग आलेला हवाय.

आम्ही कुंभकोणमचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी तंजावरच्या राजांबरोबर इकडं आली आणि इकडंच राहिली, त्यामुळे ‘नको’ला आम्ही ‘नक्को’ म्हणतो, दोन क लावून, दणदणीत. आता तुम्ही म्हणाल एवढा दणदणीत शब्द असल्यावर तो ऐकू जात असेल. हं. तेच तर सांगायचंय.

माझी अक्का, म्हणजे सख्खी मोठी बहीण, धातुशास्त्र शिकली. का शिकली तर लहानपणी नाचियार्कोविलला आत्याकडे जायचो तेव्हा तिथल्या समया बनवणाऱ्यांच्या दारात ही तासन् तास उभी. पितळ ओततात कसं, साचा कसला, कावेरीकाठच्या मातीतच साचा एवढा गुळगुळीत का होतो. आम्ही बाकीची पोरं बसस्टॉपवर पणियारम, म्हणजे अप्पे, खायचो, ही माती हातात चोळत बसायची. आणि या वर्षी तिला हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत जागा मिळाली, जुन्या धातूच्या वस्तूंवर संशोधन करायला. महिनाअखेर हो की नाही कळवायचं होतं.

त्याच महिन्यात आत्यानं स्थळ आणलं. मुलगा बेंगळूरला, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. आता खरं सांगते, मुलगा वाईट नव्हता. माणसंही वाईट नव्हती. पण त्यांचं म्हणणं, लग्न लगेच, आणि सून घरात हवी, हैदराबाद वगैरे काही नाही.

अक्का म्हणाली, “नक्को.”

आईला म्हणाली तर आई म्हणाली, “बरं गे, ते मग पाहू. हा कढीलिंब निवडून दे आधी.” अप्पांना, म्हणजे वडिलांना, म्हणाली तर अप्पांनी चष्मा पुसला आणि बँकेत गर्दी किती होती ते सांगायला लागले. आत्याला फोनवर म्हणाली तर आत्या म्हणाली, “अय्यो, तुझा आवाज बसलाय वाटतं, मिरं घालून रसम पी.” आणि वर, “समई कशी करतात ते शिकलीस, आता लावायची कशी ते शीक.” त्याच आठवड्यात तिनं लग्नासाठी उंच समई ओतायला टाकलीसुद्धा!

कोणी नाही म्हणालं नाही हो. कोणी ओरडलं नाही, कोंडून ठेवलं नाही, पोथीपुराण काढलं नाही. सगळे प्रेमळ. फक्त अक्कानं तोंड उघडलं की प्रत्येकाला दुसरं काहीतरी आठवायचं. भांडायला समोर कोणी असेल तर माणूस भांडेल. कढीलिंबाशी कसं भांडायचं?

नेमकं तेव्हा आमच्या कॉलेजात यूटोपिया आणि डिस्टोपियाच्या कथा शिकवत होते. म्हणजे जिथं सगळं छान आहे असं मनातलं गाव, आणि जिथं सगळं भयंकर आहे असं मनातलं गाव. मला ते फार आवडलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, छान गावाच्या गोष्टीत लेखक खरं तर काय सांगतो? तिथं कोणी उपाशी नाही असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, अरे, इथं आहे. म्हणजे स्तुती तिथली आणि शिवी इथली! आणि भयंकर गाव? त्यात नवीन काहीच नसतं. आजूबाजूची एखादी गोष्ट घ्यायची आणि ताणायची, ताणायची, रबरासारखी, इतकी की डोळे मिटले तरी दिसावी.

मागच्या बाकावरची एक म्हणाली, “पण मॅडम, हे सगळं पुढच्या काळातलं ना?”

“पुढच्या काळातलं कसलं!” मी इतकी ओरडले की सगळा वर्ग वळला. “ते मुद्दाम पुढं ढकलतात, नाहीतर शेजारी मारायला येतील!”

मॅडम हसल्या. म्हणाल्या, “मग लिही की एक.”

लिहिलं! मराठीत लिहिलं, कारण दर वर्षी आमच्या मराठी घरांचं संमेलन भरतं आणि तिथं तरुणांनी काहीतरी सादर करायचं असतं. आत्या येणार, आई-अप्पा असणार, बेंगळूरचे ते लोकही अक्काला बघायला तिथंच येणार. सगळे एका छपराखाली, खुर्चीत, हातात माइक माझ्या. मी म्हटलं, बरी सापडली मंडळी. चहा द्यायला उठायचं नाही, कढीलिंब निवडायचा नाही, ऐकायचं.

गोष्टीतल्या गावाचं नाव ठेवलं कल्याणपूर. सगळ्यांचं कल्याण करणारं गाव, लोकांना विचारायची पद्धत नाही, सरळ कल्याण. तिथं कोणी एकटं राहत नाही, एकटं दिसलं की संध्याकाळपर्यंत कोणाबरोबर तरी बसवतात. तिथं मुली वेशीवर पुस्तकं ठेवतात आणि बदल्यात मोगऱ्याची माळ घेतात, पावती मिळत नाही. तिथं रोज सकाळी शेजारी येऊन विचारतात, सुखी आहेस ना? याला एकच उत्तर आहे.

आणि सगळ्यात भारी, मला स्वतःला भारी वाटलेलं, ते गेट्टीमेळम. आमच्याकडच्या लग्नात बघितलंय का तुम्ही? ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायची वेळ आली की कोणीतरी वडीलधारं माणूस बोट उंच करतं, हलवतं, “गेट्टीमेळम! गेट्टीमेळम!” आणि नादस्वरमवाले, तविलचे ढोलवाले, सगळे एकदम जीव खाऊन वाजवायला लागतात. का? तर त्या क्षणाला कोणाची शिंक, कोणाचं रडणं, कुठलाच अशुभ आवाज कानावर पडू नये म्हणून. तर कल्याणपुरात चौकाचौकात वाजंत्री बसलेले असतात, आणि कोणी ‘नक्को’ म्हटलं की जवळचं वडीलधारं माणूस बोट वर करतं आणि मेळ सुरू. त्या गावात कधीच कोणाला ‘नक्को’ ऐकू आलेलं नाही, म्हणून तिथं सगळे शपथेवर सांगतात की आमच्याकडे कोणी नाराज नाही.

बघा, यात माझ्या मनचं काय आहे? एक तरी गोष्ट? मी फक्त रबर ताणलं.

संमेलन होतं एका कल्याण मंडपममध्ये. दारावर केळीचे खांब, आत पंखे खडखड, पुढच्या रांगेत आत्या जरीच्या साडीत, शेजारी बेंगळूरच्या मामी, म्हणजे मुलाची आई, आणि त्यांचे यजमान. पुण्याहून एक पाहुणे बोलावले होते, निवृत्त प्राध्यापक. अक्का मागं खांबाजवळ बसली होती. तिनं गोष्ट वाचली नव्हती. मी म्हटलं होतं, तूपण तिथंच ऐक.

मी वाचायला लागले. पहिल्याच वाक्याला आत्याचा चेहरा फुलला. मी म्हटलं, का फुलला? पुढं वाचलं, कोणी एकटं राहत नाही. आत्यानं मान डोलावली. मोगऱ्याची माळ आली तर दुसऱ्या रांगेतून “वा!” आलं. वा? गेट्टीमेळमला तर म्हातारे मामा लोक बोटं वर करून हसायला लागले, जणू जेवणाची पंगत बसली. मी भयंकर वाक्य अगदी भयंकर आवाजात वाचलं, “आणि त्या गावात कोणालाच ‘नक्को’ ऐकू येत नाही,” तर टाळ्या. टाळ्या!

मग लक्षात आलं. अय्यो रामा. कल्याण! तमिळमध्ये कल्याणम म्हणजे लग्न. आम्ही चोवीस तास तमिळमध्ये राहणारी माणसं, आम्ही बसलो होतो ती जागाच कल्याण मंडपम, दारावर पाटी! मी पुस्तकी मराठीतलं कल्याण लिहिलं, भलं करणं या अर्थानं, आणि समोरच्यांनी ऐकलं लग्नपूर. सगळ्यांचं लग्न लावून देणारं गाव! कोणी एकटं नाही, मोगरा, मेळ, वडीलधारे बोटं वर करून उभे. मी दुःस्वप्न लिहिलं होतं आणि माझ्या नातेवाइकांना ते रिटायर होऊन राहायला हवं होतं.

आत्या स्टेजजवळ येऊन माझ्या गालांवरून बोटं मोडत म्हणाली, “काय गोड लिहिलंस गे! असं एक गाव पाहिजे. आमच्या मेल्या या गावात तर स्थळं शोधून पाय मोडतात.”

“आत्या, ते वाईट गाव आहे.”

“वाईट कसलं? सगळ्यांचं कल्याण होतंय.”

“बळजबरीनं होतंय!”

“होतंय ना पण?”

बोला आता. मी पुण्याच्या प्राध्यापकांकडे आशेनं बघितलं, त्यांचं कल्याण तरी मराठीतलं असणार. आणि होतं! त्यांना बरोबर कळलं होतं की गाव वाईट आहे. म्हणाले, “शासनावर अगदी नेमकं बोट ठेवलंत हं तुम्ही. कल्याणकारी राज्य कसं माणसाला गिळतं! आणि तुमची ही जुनी मराठी, अहाहा, बखर ऐकल्यासारखं वाटतं.”

मी म्हटलं, “सर, शासनावर नाही. आमच्यावर आहे. घरावर.”

“छे छे, घर हे प्रतीक झालं.”

प्रतीक! माझं घर प्रतीक झालं! बेंगळूरच्या मामींचे यजमान शेजारीच होते, ते म्हणाले, “हो, हो, तिकडं उत्तरेत फार चालतं असलं. आपल्यात कोण कोणावर जबरदस्ती करतं?”

मला सांगा, या गोष्टी लिहायच्या तरी कशाला? छान गाव दाखवलं तर म्हणतात स्वप्नं बघते. भयंकर गाव दाखवलं तर म्हणतात, ते दुसऱ्यांचं. सरकारचं, उत्तरेचं, परदेशाचं, पुढच्या शतकाचं. आरशासमोर उभं केलं तर माणसं वाकून मागं कोण उभं आहे ते बघतात. मॅडमनी हे नव्हतं शिकवलं. आणि आत्या तेवढ्यात मामींना सांगत होती, “बघा, धाकटीलासुद्धा कल्याणाचीच हौस. म्हणजे थोरलीच्या मनात काय असेल ते ओळखा.” माझ्या गोष्टीचा पुरावा केला तिनं, तोही अक्काच्या विरुद्ध! मला खांबाकडे बघायचा धीर झाला नाही.

मग जेवण. केळीची पानं मांडली, अंबट भात, डांगर पच्चडी, सगळं आमच्या पद्धतीचं. आत्यानं मुद्दाम अक्काला मामींच्या समोरच्या पानावर बसवलं. अप्पा अक्काच्या शेजारी, मी त्यांच्या पलीकडे.

मामी अगदी प्रेमानं म्हणाल्या, “मग बाळ, आता मुहूर्ताचं बघायचं ना? तुझं काय म्हणणं?”

अक्कानं हातातला घास पानावर ठेवला. “मामी, मला हे लग्न नक्को. मला हैदराबादला…”

“पायसम!” आत्यानं बोट उंच करून खिरीच्या वाढप्याला हाक मारली. “इकडं पायसम आणा! मामींचं पान रिकामं आहे! पायसम, पायसम!” आणि बोट हलवत राहिली.

वाढपी धावले, बादल्या वाजल्या, पलीकडून आई म्हणाली, “तूप वाढा हो त्यांना,” कोणी काका म्हणाले, “गरम आहे, सावकाश,” आणि अक्काचे शब्द त्या सगळ्या गलबल्यात गेले. कुठं गेले माहीत नाही. जिथं आधीचे गेले तिथंच.

अप्पा आत्याच्या बोटाकडे बघत होते. ते बोट अजून हवेतच होतं. अप्पा तसे बोलणारे नाहीत, आणि ते बोलले तेही पानाशी बोलल्यासारखे, हळू.

“गेट्टीमेळम,” ते म्हणाले.

आत्या म्हणाली, “काय?”

“गेट्टीमेळम म्हटलं. बोट खाली घे अक्का.” आत्या त्यांची मोठी बहीण, ते तिला अक्काच म्हणतात. मग माझ्या अक्काकडे वळले. “परत सांग, बाळ. मला ऐकू आलं नाही.”

पायसमची बादली धरलेला माणूस पळी तशीच धरून उभा राहिला.

“नक्को,” अक्का म्हणाली. दोन्ही क लावून.

मामींनी तिच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, “मग आधी सांगायचं होतंस, आम्ही बेंगळूरहून आलो नसतो.”

“सांगितलं होतं मामी. मेळ वाजत होता.”

मला काय वाटलं सांगू? आनंद वगैरे नंतर. आधी रागच आला, अप्पांचाही आला. म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं की! चष्मा पुसताना, बँकेची गर्दी सांगताना, प्रत्येक वेळी येत होतं! त्यासाठी मी एक अख्खं गाव बांधायला हवं होतं? तुमची स्वतःची मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणते तेव्हा चालत नाही, आणि कल्याणपुरातली कोणी म्हणाली की चालतं? पण मग अप्पांनी डाव्या हातानं अक्काच्या पानाजवळचं पाण्याचं भांडं तिच्याकडे सरकवलं, आणि मी राग तात्पुरता बाजूला ठेवला. तात्पुरता.

मामी जेवून उठल्या, नीट निरोप घेऊन गेल्या. जाताना माझ्याशी एवढंच बोलल्या, “गाव कुठलं ते मला पायसमला कळलं गे.” त्या एकट्या बाईला कळलं! आणि ती आमची कोणी झाली नाही.

अक्कानं त्या संध्याकाळी हैदराबादला होकार कळवला. अप्पांनी स्वतः तिकीट काढलं. आई डबे भरतेय आणि मधेमधे रडतेय, आणि ती रडली की मी मुद्दाम तिला म्हणते, कढीलिंब देऊ का निवडायला? आत्या माझ्याशी बोलत नाही. सगळ्यांना सांगते, गोष्ट चांगली होती, शेवट या पोरींनी बिघडवला. समई तिच्याकडे वर्तमानपत्रात गुंडाळून पडलीय. अक्कानं मागितली, हैदराबादला न्यायला, अभ्यासाला. आत्या म्हणाली, “ती लग्नाची आहे.”

आणि आता आजचा फोन.

काका, म्हणजे संमेलनाची स्मरणिका काढतात ते आमचे लांबचे काका. म्हणाले, “अभिनंदन! तुझी गोष्ट छापतोय, पहिल्या पानावर!” मी उडालेच. मग म्हणाले, “फक्त थोडी छाटली. ते मेळाचं काढलंय, लोकांना उगाच लागतं. आणि ‘नक्को’ असतं त्या जागी ‘बरं’ केलंय, शुद्ध दिसतं. आणि शेवट जरा गोड केला, गावातल्या दोन बहिणींचं एका मांडवात कल्याण होतं. वर एक वधूवरांचं चित्र टाकतोय.”

मी म्हटलं, “काका, मग उरलं काय त्यात?”

“अगं, गाव उरलं की! छान गाव आहे.”

मी म्हटलं, “काका, नक्को. असं छापू नका.”

आणि बरं का, देवाशपथ सांगते, एक श्वाससुद्धा मधे गेला नाही. काका म्हणाले, “बरं, अप्पा कसे आहेत? तिकडं पाऊस आहे का? इकडं काय उकाडा, विचारू नको!”

मी ‘नक्को’ परत म्हटलं. त्यांनी उकाड्याचं परत सांगितलं. मी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा अप्पा आतून आले, माझ्या हातातून फोन घेतला, म्हणाले, “पाऊस नाही. ती नक्को म्हणतेय, ते आधी घ्या,” आणि फोन मला परत दिला. काकांनी घेतलं की नाही माहीत नाही. म्हणून ‘नक्को’ इथं लिहून ठेवतेय, जिथं कोणाला पायसम मागवता येणार नाही.

आता तुम्ही सांगा. खरंच सांगा, खाली लिहा, मी प्रत्येक उत्तर वाचणार. तुम्ही काहीतरी नको म्हणालात आणि समोरच्या प्रेमळ माणसाला त्याच क्षणी पाऊस, रसम, तूप, गर्दी आठवली, असं तुमच्याबरोबर झालंय का? आणि तुमच्याकडे त्या वेळी बोट कोणी वर केलं होतं?